थरथरता पाट आणि चालते पाय

'असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी' ही म्हण ज्याने कोणी प्रथम उच्चारली, त्याला आळशी माणसाची नस नेमकी सापडली होती. आता काळ बदलला आहे. हरीची जागा यंत्राने घेतली आहे आणि खाटल्याची जागा एका पाटाने. हा पाट लाकडी नाही, विजेवर चालणारा आहे. त्यावर उभे राहावे, खटका दाबावा आणि दहा मिनिटे अंग थरथरू द्यावे. तासभर घाम गाळल्याचे पुण्य पदरात पडते, असे जाहिराती सांगतात. पोट उतरते, मांड्या घट्ट होतात, हाडे बळकट होतात, रक्ताभिसरण सुधारते. जमिनीवरून पायसुद्धा न हलवता!

या प्रकाराला 'होल बॉडी व्हायब्रेशन' म्हणतात. मराठीत सर्वांग-कंपन म्हणता येईल. आपल्या शहरांतल्या चकचकीत व्यायामशाळांत आणि फिजिओथेरपी केंद्रांत हे यंत्र दिसते आणि त्याची स्वस्त भावंडे दिवाणखान्यातल्या सोफ्याखालीही जाऊन बसतात. ते घेणारा गिऱ्हाईक बहुधा चाळीस ते साठ या वयातला असतो. तरुणाला व्यायामाची गरज वाटत नाही आणि म्हाताऱ्याला नव्या यंत्राची भीती वाटते. मधल्या वयातल्या माणसाला मात्र गरजही पटलेली असते आणि सवडही नसते. दोन जिने चढताना धाप लागते, वार्षिक तपासणीच्या कागदावर साखरेच्या आकड्याभोवती डॉक्टरांनी लाल गोल काढलेला असतो. पण मुलांची शिक्षणे, आईवडिलांची आजारपणे आणि घराचे हप्ते यांतून दिवसाचा पाऊण तास काही निघत नाही. पन्नाशी ओलांडलेला मी याच गर्दीतला एक आहे. त्यामुळे या पाटाची नुसती टिंगल करून मोकळे होणे मला प्रशस्त वाटत नाही. त्यात खरे किती आणि खोटे किती, हे नीट पाहिले पाहिजे.

कल्पना जुनीच

शरीर हलवून बरे करण्याची कल्पना या शतकातली नाही. स्वीडनमधल्या गुस्ताव्ह झँडर या डॉक्टराने १८६५ मध्ये स्टॉकहोम येथे यंत्रांच्या साह्याने व्यायाम देणारी संस्था काढली. फ्रान्समधील विख्यात मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांच्या असे ध्यानात आले होते, की कंपवाताच्या रुग्णांना आगगाडीच्या वा घोडागाडीच्या लांबच्या प्रवासानंतर बरे वाटते. त्यावरून त्यांनी थरथरणारी खुर्ची तयार करविली आणि १८९२ मध्ये तिच्यावर व्याख्यानही दिले. पुढे अमेरिकेत, न्याहारीच्या कॉर्नफ्लेक्समुळे ज्यांचे नाव घरोघरी पोचले, त्या डॉक्टर केलॉग यांच्या बॅटल क्रीक येथील आरोग्यधामातही कंपनाच्या खुर्च्या होत्या.

शार्को यांच्या खुर्चीची कथा इथे संपत नाही. २०१२ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी ती कल्पना नव्याने तपासली. काही रुग्णांना थरथरत्या खुर्चीत बसविले आणि काहींना न थरथरणाऱ्या खुर्चीत. दोन्ही गटांना सारखेच बरे वाटले! निवांत बसणे, कोणी तरी आपली विचारपूस करणे, याचाही गुण येतो. हा धडा या साऱ्या विषयात लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आजच्या पाटाचा जन्म मात्र खेळाडूंच्या तालमीत झाला. सोव्हिएत संघात व्लादिमीर नाझारोव्ह यांनी जिम्नॅस्टांच्या तयारीसाठी कंपनाचा वापर केला. नव्वदीच्या दशकात इटलीच्या कार्मेलो बॉस्को यांनी व्हॉलीबॉलपटू आणि मुष्टियोद्ध्यांवर प्रयोग केले. १९९९ मध्ये हॉलंडच्या गुस व्हॅन डर मीर यांनी ही कल्पना 'पॉवर प्लेट' या नावाने बाजारात आणली आणि खेळाडूंच्या सरावाचे साधन बघता बघता मध्यमवयीन गृहस्थांचे आशास्थान झाले.

शरीरात होते काय?

व्यायामाचा हा पाट सेकंदाला साधारण पंचवीस ते पंचेचाळीस वेळा काही मिलिमीटर वर-खाली होतो. काही यंत्रांत तो झोपाळी फळीसारखा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलतो. प्रत्येक हिसक्यासरशी पायांचे स्नायू किंचित ताणले जातात. स्नायू अचानक ताणला गेला, की तो आपोआप आकसतो. डॉक्टर गुडघ्याखाली लहानशी हातोडी मारतात आणि पाय उडतो, तीच ही यंत्रणा. स्नायूंना वा त्यांच्या दोरांना कंपन दिल्यास ते आपसूक आकुंचन पावतात, हे स्वीडनच्या एकलुंड आणि हॅगबार्थ यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले होते. तेव्हा पाटावर उभ्या राहिलेल्या माणसाचे स्नायू काहीच करीत नाहीत, असे म्हणणे चूक ठरेल. ते काम करतात. प्रश्न आहे तो किती काम करतात हा.

याचे एक चांगले उत्तर बेल्जियममधून आले. लूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये ६७ तरुण स्त्रियांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. या स्त्रियांना व्यायामाची सवय नव्हती. एका गटाने आठवड्यातून तीनदा कंपन पाटावर व्यायाम केला, दुसऱ्याने वजनांच्या यंत्रांवर, तिसऱ्याने जेमतेम थरथरणाऱ्या पाटावर, आणि चौथ्याने काहीच केले नाही. बारा आठवड्यांनी गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंची ताकद मोजली. ती कंपनाच्या गटात सुमारे १६ टक्के वाढली होती आणि वजनांच्या गटात सुमारे १४ टक्के. जेमतेम थरथरणाऱ्या पाटावरच्या गटात वाढ झाली नाही. याच विद्यापीठाने २००४ मध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या ७० स्त्रियांवरील सहा महिन्यांचा प्रयोग मांडला. त्यात खुब्याच्या हाडाची घनता कंपनगटात ०.९३ टक्का वाढली. वाढ लहानच, पण ज्या वयात हाड दरवर्षी झिजतच जाते त्या वयात नगण्यही नव्हे.

इथेच जाहिरातवाले टाळ्या वाजवून थांबतात. आपण थोडे पुढे वाचू. या दोन्ही प्रयोगांतल्या स्त्रिया पाटावर नुसत्या उभ्या नव्हत्या. त्या थरथरत्या पाटावर बैठका काढीत होत्या, एक पाय पुढे टाकून वाकत होत्या, हळूहळू वेळ आणि जोर वाढवीत होत्या. कंपनाने त्यांच्या कष्टांत भर घातली. कष्टांची जागा घेतली नाही.

नुसते उभे राहिल्यास काय होते, याचेही उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेतील क्लिंटन रुबिन यांनी २००१ मध्ये मेंढ्यांवरचा एक प्रयोग 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. रोज वीस मिनिटे अगदी मंद कंपन दिलेल्या मेंढ्यांच्या मांडीच्या हाडातला जाळीदार भाग वर्षभरात ३४ टक्क्यांनी दाट झाला. आशा साहजिकच पल्लवित झाल्या. पण टोरांटोच्या संशोधकांनी २०२ स्त्रियांना वर्षभर रोज वीस मिनिटे तशाच मंद पाटावर उभे केले. २०११ मध्ये निष्कर्ष आला : हाडांच्या घनतेत फरक नाही. बोस्टनजवळच्या १७४ वयोवृद्धांवर दोन वर्षे असाच प्रयोग झाला. २०१५ मध्ये तोच निष्कर्ष आला. मेंढीला लागू पडले ते माणसाला पडले नाही.

उंदरांची गोष्टही तशीच. २०१७ मध्ये, रोज वीस मिनिटांचे कंपन हे चालण्याच्या व्यायामासारखेच गुण देते, अशा बातम्या जगभर झळकल्या. मथळा वाचून अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. तो अभ्यास कोवळ्या उंदरांवरचा होता आणि मुख्य लाभ दिसला तो जन्मतःच लठ्ठपणा आणि मधुमेहाचा दोष असलेल्या उंदरांत. चाळिशीतल्या, दोन लेकरांच्या बापाने त्यावरून आपले अनुमान काढण्यात अर्थ नव्हता.

आणि पोट? बेल्जियममधल्याच अँटवर्प येथे ७९ स्थूल माणसांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आहारनियंत्रणाच्या जोडीला कंपन-व्यायाम करणाऱ्यांच्या पोटातील आतड्यांभोवतीची चरबी घटली आणि वर्षभरानंतरही बरीचशी घटलेलीच राहिली. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे, पण 'आहारनियंत्रणाच्या जोडीला' हे शब्द जाहिरातीत बारीक टायपात छापले जातात. नुसत्या थरथरीने फारशी ऊर्जा जळत नाही. त्यात लागणारा प्राणवायू फार तर मध्यम गतीच्या चालण्याएवढा. दहा मिनिटे चालून जेवढे वजन उतरेल, तेवढेच दहा मिनिटे थरथरून उतरणार.

एक थरथर विकत, दुसरी नशिबी

या विषयाची एक बाजू जाहिरातीत कधीच येत नाही. माझा एक मावसभाऊ पंचवीस वर्षे मालमोटार चालवीत असे. पन्नाशीच्या आतच त्याची कंबर गेली. खाली वाकून बुटाची नाडी बांधणे त्याला जमेना. त्याच्या डॉक्टरांनी कारण सांगितले ते एकाच वाक्यात : बसल्या जागी खाल्लेले हादरे. गाडी, ट्रॅक्टर, माती उपसणारी यंत्रे चालविणाऱ्यांत कंबरदुखीचे प्रमाण अधिक असते, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते आठ हादऱ्यांच्या आसपास स्वतःच त्या तालावर डोलू लागतो आणि मणक्यांमधल्या गाद्यांना मार बसतो. म्हणूनच युरोपीय संघाने २००२ मध्ये कामगारांना दिवसभरात किती कंपन सोसावे लागावे, याची मर्यादा कायद्याने घालून दिली.

म्हणजे एक माणूस पोटासाठी थरथरतो आणि कंबर गमावतो. दुसरा पोट कमी करण्यासाठी पैसे मोजून थरथरतो! दोन्ही कंपने सारखी नाहीत, हे मान्य. एक आठ-दहा तासांचे, बसून आणि संथ. दुसरे काही मिनिटांचे, उभ्याने आणि जलद. परंतु वेळ थोडा म्हणून धोका शून्य, असेही नाही. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी २००७ मध्ये मोजमाप केले, तेव्हा अशा यंत्रावरच्या रोजच्या दहा मिनिटांतच आंतरराष्ट्रीय मानकाने सुचविलेली दिवसाची मर्यादा ओलांडली जाते, असे आढळले. गुडघे किंचित वाकविले तर डोक्यापर्यंत पोचणारा हादरा कमी होतो. ताठ उभे राहिले तर तो सरळ वर चढतो. नवखा माणूस यंत्रावर चढला की घाबरून नेमका ताठ उभा राहतो.

शिवाय 'कंपन' हा एकच शब्द असला, तरी यंत्रे एक नव्हेत. रुबिन यांच्या मेंढ्यांना मिळालेला हादरा गुरुत्वाकर्षणाच्या एक-तृतीयांशाएवढाही नव्हता. व्यायामशाळेतल्या जोरकस यंत्राचा हादरा गुरुत्वाकर्षणाच्या कित्येक पट असू शकतो. मंद यंत्रावरच्या संशोधनाचा दाखला देऊन जोरकस यंत्र विकणे आणि जोरकस यंत्राचा दाखला देऊन खेळणे विकणे, दोन्ही बाजारात चालते. गर्भवती स्त्रिया, हृदयात पेसमेकर असलेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ असलेले, मूतखडा वा पित्ताशयात खडे असलेले, डोळ्याच्या पडद्याचा विकार, फेफरे किंवा मणक्याची सरकलेली गादी असलेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या पाटावर पाय ठेवू नये. मधल्या वयात यांतले एखादे दुखणे कोणाला नसते?

आपली खरी उणीव

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मधल्या वयातल्या मराठी माणसाला नेमके हवे काय? याचे उत्तर पुण्यातल्या एका छायाचित्राने जगाला दिले आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे ते छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. सडसडीत दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात चरबी अधिक आणि स्नायू कमी, हा त्याचा अर्थ. आपल्या घराघरांत शिरलेल्या मधुमेहाचे एक मूळ इथे आहे. वजनकाट्यावर खूश असलेल्या माणसालाही स्नायूंची गरज आहे.

आणि स्नायू तर तिशीनंतर दर दशकात घटतच जातात. त्याची जाणीव एकदम होत नाही. आधी पंगतीत मांडी घालून बसणे टळते, मग जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, मग जिन्याचा कठडा लागतो आणि एके दिवशी न्हाणीघरात पाय सरकतो. खुब्याचे हाड मोडलेली आई वा सासू ज्या घरात आहे, तिथे पुढचे सांगायला नको. उलट दिशेची वार्ता अशी की ही घट भरून काढता येते. १९९० साली अमेरिकेत सरासरी नव्वद वर्षांच्या दहा वृद्धांना वजने उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. आठ आठवडे तो पुरा करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होत असेल, तर पन्नाशीतल्या माणसाला निराश व्हायचे कारण नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेले माप सोपे आहे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे झपझप चालण्यासारखा व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम. यातला पहिला भाग पाट देऊ शकत नाही. हृदय आणि फुप्फुसे त्यावर पुरेशी धावत नाहीत. दुसरा भाग तो काही प्रमाणात देतो, पण तोही त्यावर बैठका काढल्या तर. आणि बैठकाच काढायच्या, तर आपल्याकडे त्यांना पाटाची गरज कधीच नव्हती. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळांत नेले, अमरावतीला १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले, ते मोकळ्या जमिनीवर.

मग या यंत्राला जागाच नाही काय? आहे. ज्यांना वजने उचलवत नाहीत, गुडघ्यांमुळे चालवत नाही, जे दुखण्यातून उठून पुन्हा उभे राहू पाहत आहेत, त्यांना फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली हा पाट आधार देऊ शकतो. त्याची जागा काठीसारखी आहे. ज्याला हवी त्याला मोलाची. धडधाकट माणसाने ती घेऊन मिरवण्यात अर्थ नाही.

वहिनींचा प्रश्न

हे सारे मी आमच्या इमारतीतल्या एका वहिनींना सांगितले. त्यांनी नुकताच असा पाट घेतला होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं सगळं पटतं. पण सकाळी फिरायला जायचं, तर तीन डबे कोण करणार? संध्याकाळी ऑफिसातून येते तेव्हा रस्त्यावर दिवे नसतात, फुटपाथवर गाड्या लावलेल्या असतात आणि कुत्री मागे लागतात. व्यायामशाळेत त्या आरशांसमोर जायला मला संकोच वाटतो. हे निदान दार लावून घरात होतं."

यावर संशोधनाचे कोणते पान उलटावे? २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या पाहणीनुसार २०२२ साली भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होते, तर स्त्रियांत ५७ टक्के. दिवसभर घरात राबणाऱ्या बाईचा आकडा पुरुषापेक्षा मोठा का, याचे उत्तर वहिनींच्या त्या चार वाक्यांत आहे. ती आळशी नाही. तिला वेळ नाही, वाट नाही आणि जागा नाही. बाजाराने तिची अडचण ओळखली आणि एक पाट विकला. आपण, म्हणजे तिचे घर आणि तिचे शहर, यांनी ती ओळखलीच नाही.

म्हणून ज्यांनी यंत्र घेतलेच आहे, त्यांना माझे सांगणे एवढेच : डॉक्टरांना विचारा, गुडघे किंचित वाकवून उभे राहा, थोड्या मिनिटांपासून सुरुवात करा, त्यावर बैठका काढा आणि उरलेल्या दिवशी चाला. घेणार असाल तर आधी महिनाभर खुर्चीवरून हात न टेकता उठण्याबसण्याचा व्यायाम रोज करून पाहा. तो जमला तर पैसे वाचतील. नगरसेवक मते मागायला आले, तर उद्घाटनाच्या कमानीपेक्षा मोकळा फुटपाथ, पेटते दिवे आणि सकाळी लवकर व रात्री उशिरापर्यंत उघडे राहणारे उद्यान मागा. एखाद्या वस्तीचे आरोग्य तिथल्या व्यायामशाळेच्या काचांवरून कळत नाही. अंधार पडल्यावर तिथली पन्नाशीतली बाई एकटी फिरायला निघते की नाही, यावरून कळते.

आणि घरच्यांना एक विनंती. आईची हाडे, बायकोचे गुडघे, सुनेची कंबर यांची काळजी वाटत असेल, तर वाढदिवसाला यंत्र आणण्यापूर्वी आठवड्यातून चार सकाळी डबे आपण करून पाहावेत. दहा मिनिटांचा पाट बाजारात विकत मिळतो. पाऊण तासाची मोकळीक मात्र घरच्यांनाच द्यावी लागते.